बाबांचा २०१६चा लॅपटॉप, विंडोज १० ची मुदत संपली. आता काय करावं?

कातळसडा | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:५०

मंडळी, जाणकारांनी प्रकाश टाकावा. मला यातलं फारसं कळत नाही, तेव्हा जरा उलगडून सांगा.

चिपळूणला बाबांकडे २०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे. इंटेल कोअर आय३-५००५यू, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं गेलं, हा मात्र माळ्यावर होता म्हणून वाचला. त्यामुळे बाबांचा त्याच्यावर जीव आहे आणि 'नवीन घेऊ' म्हटलं की विषय बदलतात.

बाबा पंचायत समितीत लिपिक होते. निवृत्तीनंतर संगमेश्वरी बोलीतले शब्द गोळा करतायत, अक्षरवार फाईली करून. आजपर्यंत २१२ फाईली झाल्यात. सगळं टायपिंग कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये, कारण नोकरीत टाइपरायटरवर हात बसलेला.

आता अडचण अशी. गेल्या महिन्यापासून स्क्रीनवर 'विंडोज १० चा सपोर्ट संपला' असं येतंय, आणि विंडोज ११ करायला गेलं की 'हा पीसी किमान अटी पूर्ण करत नाही' म्हणतो. शिवाय मशीन भयंकर हळू आहे. बटण दाबून बाबा देवपूजा करून येतात, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसतो. दोन महिन्यांपासून टचपॅडचं क्लिकही दाबलं जात नाही, बहुतेक ड्रायव्हर बिघडलाय. सध्या माउस लावून चालवतात.

दुकानदार म्हणतो ५०० रुपयांत विंडोज ११ प्रो टाकून देतो. द्यावा का?

अडगळीतला | ८ नोव्हेंबर, रात्री १०:०४

नवीन घ्या. नऊ वर्षं म्हणजे लॅपटॉपची पंचाहत्तरी. पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा).

पेचकस | ८ नोव्हेंबर, रात्री १०:४१

दुकानदाराला अजिबात देऊ नका. ५०० रुपयांत मिळतं ते प्रो नसतं, ॲक्टिव्हेटर नावाचं परवान्याला चकवणारं काहीतरी असतं आणि त्याच्यासोबत काय काय येतं ते त्यालाही माहीत नसतं. तुमचं विंडोज १० मूळ परवान्याचं असेल तर ११ साठी वेगळे पैसे पडतच नाहीत. अडचण पैशांची नाही, हार्डवेअरची आहे.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फेरफार तपासणारी सोय) आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ती यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ नंतरच्या मशीनपासून सुरू होते. तुमचा ५००५यू पाचव्या पिढीतला. नावातला पहिला आकडा पिढी सांगतो. म्हणजे सरळ मार्गाने ११ होणार नाही.

आडमार्ग आहे. रूफस नावाच्या मोफत साधनाने पेनड्राइव्ह बनवताना त्या अटी वगळायचा पर्याय येतो. प्रोसेसरला एसएसई ४.२ (प्रोसेसरच्या आज्ञांचा एक संच) असलं की विंडोज ११ ची २४एच२ आवृत्तीही चालते, आणि तुमच्यात ते आहे. मी गिऱ्हाइकांच्या अशा मशीनवर ११ चालवून पाहिलंय. महिन्याचे सुरक्षा अपडेट आजवर येतायत, पण ते देऊच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वर्षाची मोठी आवृत्ती तर आपोआप येतच नाही, दर वेळी पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. तुम्ही चिपळूणला राहता का? नसाल तर हा उद्योग गळ्यात घेऊ नका.

आता खरा मुद्दा. देवपूजा होईपर्यंत मशीन सुरू होत नाही याचा विंडोजच्या आकड्याशी काही संबंध नाही. ती डिस्क आहे. टास्क मॅनेजर उघडा, डिस्कच्या रकान्यात काही न करताही १०० टक्के दिसेल. क्रिस्टलडिस्कइन्फो उतरवून घ्या आणि डिस्कची तब्येत काय रंगात दाखवतो ते इथे सांगा. निळा असेल तर बरं. पिवळा असेल तर बाकी सगळं सोडा, आधी फाईली बाहेर काढा.

आणि एक. टचपॅडचं क्लिक दाबलं जात नाही म्हणालात. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणून बाजूने बघा. टचपॅड मधोमध किंचित वर आलाय का? खालचं झाकण फुगल्यासारखं, मशीन डुगडुगतंय असं वाटतं का? हे आज रात्रीच बघा.

पेंग्विनपंथी | ८ नोव्हेंबर, रात्री ११:१५

पेचकस यांना +१, विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

ऑपरेटिंग सिस्टीमचं म्हणाल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. २२.२ आवृत्ती, सपोर्ट २०२९ पर्यंत, एक पैसा नाही. वापरायला विंडोज ७ सारखं: खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यात सगळं.

अडगळीतला | ८ नोव्हेंबर, रात्री ११:१८

आले! लिनक्सवाले आले! कुठल्याही धाग्यावर तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादाला येतातच. काकांना आज्ञा टाइप करायचं ते टर्मिनल उघडून द्या आता.

पेंग्विनपंथी | ८ नोव्हेंबर, रात्री ११:२६

माझी आई गेली चार वर्षं मिंट वापरतेय. टर्मिनल हा शब्द तिला बससाठी माहीत आहे.

कातळसडा | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

मी ठाण्याला असतो, शनिवार-रविवार म्हणून आलो होतो. रात्री मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. टचपॅड खरंच वर आलाय. मधोमध टेकाड आहे, त्यावर रुपयाचं नाणं ठेवलं तर झुलतंय. आणि खालच्या झाकणाच्या कडेला नख जाईल एवढी फट. हे काय आहे?

क्रिस्टलडिस्कइन्फो: पिवळा. 'सावधान'. करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा) समोर शून्य नाही.

पेचकस | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

फोन हातात होता म्हणून लगेच लिहितोय. चार्जर काढा. लॅपटॉप बंद करा. तुमची बॅटरी फुगली आहे. लिथियमच्या पाकिटात गॅस साठतो, तो टचपॅडला खालून ढकलतोय, म्हणून क्लिक दाबलं जात नाही. ड्रायव्हर बिचारा निर्दोष. दाबून सपाट करायला जाऊ नका, टोचू नका, पलंगावर-गादीवर ठेवू नका. फरशीवर ठेवा. माहीतगार माणसाकडून बॅटरी आज काढून घ्या.

एरवी मी स्वतः करा म्हणतो. फुगलेल्या बॅटरीच्या बाबतीत म्हणत नाही.

बेरीज_वजाबाकी | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

बापरे. माझ्या ऑफिसातल्या एका मशीनचा टचपॅड असाच झालाय. आत्ता चार्जर काढून आले.

मी इचलकरंजीत कर सल्लागार आहे. माझीही तीन जुनी मशीन आहेत, पण मला लिनक्स चालणार नाही. हिशेबाचं टॅलीप्राइम विंडोजवरचं, आणि त्याहून डोकेदुखी म्हणजे डिजिटल सहीचा यूएसबी टोकन. मग माझ्यासारखीने काय करायचं? मार्चअखेर होईपर्यंत नवीन मशीनचा विचारही करता येत नाही.

राईनकाठी | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:०५

बेरीज ताई, तुमच्यासाठी ईएसयू आहे, वाढीव सुरक्षा अपडेटची योजना. घरगुती वापराच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० चे सुरक्षा अपडेट मिळतात. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्ट खातं हवं. मग सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर सुरू ठेवलात तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर. इकडे युरोपात बॅकअपची अट काढून टाकली आहे, खातं मात्र लागतंच. पण ऑफिसच्या मशीनना व्यावसायिक योजना वेगळी आहे, तेव्हा परवान्याच्या अटी वाचून घ्या.

मी जर्मनीत कोलोनला असतो. इथे ठिकठिकाणी दुरुस्ती कट्टे भरतात, शनिवारी लोक टोस्टर, शिवणयंत्रं घेऊन येतात, आणि हल्ली विंडोज १० वाले लॅपटॉप. इथल्या श्लेस्विग-होल्श्टाइनचं राज्य सरकार तर अख्खंच लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरकडे वळलंय. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांनी हे किती आधी केलं, त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही.

पेचकस | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४०

राईनकाठींचं बरोबर. ताई, टोकन आणि टॅली असताना लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. मार्चअखेर होऊ द्या, मग आठव्या पिढीच्या पुढची वापरलेली मशीन बघा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून जी विकतात ती दणकट असतात. आणि विंडोज ११ नव्याने टाकलंत तर एक लक्षात ठेवा: २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या मशीनवर डिस्कचं कुलूप बऱ्याचदा आपोआप लागतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात असते. ती कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा. मदरबोर्ड गेल्यावर रिकव्हरी की नाही म्हणून रडणारे लोक मी पाहिलेत.

कातळसडा | १० नोव्हेंबर, रात्री ११:३०

रजा टाकली. बॅटरी निघाली. रत्नागिरीचा एक ओळखीचा मुलगा आला होता, त्याने काढली. खाली ११ स्क्रू, त्यातले दोन मागच्या रबरी पायांखाली लपलेले. बॅटरीची तीन पाकिटं, त्यातलं मधलं पुरीसारखं टम्म. बाबा बघून एवढंच म्हणाले, "हे मी मांडीवर घेऊन बसत होतो." मशीन आता बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतंय, आणि टचपॅडचं क्लिक ठणठणीत!

उघडलंच होतं म्हणून त्याने रॅमही दाखवली. एक खाच रिकामी आहे.

फाईलींचं मात्र बिनसलं. पेनड्राइव्हवर कॉपी करताना २०५ गेल्या, ७ वर मशीन अडकून बसतं आणि मग 'वाचता येत नाही' म्हणतं. त्या सातांत 'ठ', 'ढ' आणि जोडाक्षरांच्या फाईली आहेत. बाबा काही बोलत नाहीयेत, पण जेवले कमी.

पेंग्विनपंथी | १० नोव्हेंबर, रात्री ११:४५

पुन्हा पुन्हा कॉपी करून बघू नका. प्रत्येक प्रयत्नाला ती डिस्क आणखी झिजतेय. विंडोज सुरूच करू नका, ते मागच्या मागे शंभर गोष्टी लिहीत असतं.

मिंटचा पेनड्राइव्ह करा. न बसवता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवायचं. त्यात डीडीरेस्क्यू घ्या. हे साधन नेहमीच्या कॉपीसारखं खराब जागी डोकं आपटत बसत नाही. आधी चांगला भाग झपाझप उचलतं, खराब जागा एका नोंदवहीत टिपून ठेवतं आणि शेवटी फक्त तेवढ्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. मध्ये वीज गेली तरी नोंदवहीमुळे तिथूनच पुढे. त्यासाठी डिस्कच्या त्या विभागाएवढी जागा असलेली बाहेरची डिस्क लागेल. आज्ञा तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, उगमाची आणि गंतव्याची डिस्क उलटी टाकू नका म्हणजे झालं. एंटर मारण्याआधी मला फोटो पाठवा.

कातळसडा | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

रात्रभर चाललंय. मध्ये घाबरलो होतो, कारण मिंटमध्ये ती विंडोजची डिस्क उघडली तर 'फक्त वाचता येईल' असं आलं. मला वाटलं गेली कामातून.

पेचकस | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:३३

उलट तेच हवंय. विंडोज बंद केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपलेलं असतं, म्हणून लिनक्स त्यावर लिहायला नकार देतं. शिफ्ट दाबून शटडाऊन केलं की पूर्ण बंद होतं. तुम्हाला आत्ता त्याची गरजच नाही. मरणाऱ्या डिस्कवर कोणी काही लिहू नये हेच उत्तम.

कातळसडा | ११ नोव्हेंबर, रात्री १०:०२

सातपैकी सहा मिळाल्या! पूर्ण उघडतात, बाबांनी एकेक पान खाली-वर करून तपासलं. 'ठ'ची फाईल निम्म्यातून रिकामी आहे. पेंग्विनपंथी म्हणाले की न वाचलेल्या जागी साधन शून्यं ठेवतं, त्यामुळे फाईल आकाराने पूर्ण दिसते पण आत पोकळ असते. बाबा म्हणाले, "ठ माझ्या वहीत आहे." उठून माळ्यावर गेले आणि वही घेऊन आले. आज व्यवस्थित जेवले.

आता एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) मागवलीय, २४० जीबीची. रॅम कुठली घेऊ?

पेचकस | ११ नोव्हेंबर, रात्री १०:२०

४ जीबीची एक पट्टी घ्या, पण डीडीआर३एल बघून. 'एल' म्हणजे १.३५ व्होल्टची. नुसती डीडीआर३ ही १.५ व्होल्टची, तुमच्या पिढीला ती चालत नाही आणि दुकानात सर्रास माथी मारतात. लेबलवर पीसी३एल-१२८०० असं हवं.

बेरीज_वजाबाकी | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

कातळसडा, एक विचारते. बाबा पेन्शनर आहेत ना? नोव्हेंबर आहे, हयातीच्या दाखल्याचं काय? बोटांच्या ठशाचं यंत्र लॅपटॉपला लावत असाल तर त्याचे ड्रायव्हर विंडोजचे असतात. लिनक्स टाकण्याआधी बघा.

कातळसडा | १२ नोव्हेंबर, रात्री ९:००

ताई, बरी आठवण केलीत. गेल्या वर्षी खरंच यंत्र लावून केलं होतं आणि तीन वेळा ठसा जुळला नव्हता. टाइपरायटर बडवून बोटं गुळगुळीत झालीत. आज जीवन प्रमाणचं फेस ॲप मोबाईलवर घेतलं. चेहरा दाखवला, डोळे मिचकावले, दाखला तयार. मिंट नको म्हणायला माझ्याकडे हेच एक कारण उरलं होतं.

अडगळीतला | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१२

आणि कृतिदेव? लिनक्समध्ये सगळं युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड. काकांचे २१२ खजिने उघडले की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. मग या इथे रडायला.

पेंग्विनपंथी | १२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

अडगळीतले, या वेळी प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर.

कृतिदेव, श्रीलिपी या धाटणीच्या फाईलींत मराठी नसतंच. आत इंग्रजीच्या जागेवरचे कोड असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी मुखवटा घालतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. फॉन्टची फाईल तीच जुनी लिनक्सवर टाकली की मुखवटा परत. आणि गंमत म्हणजे अशा फॉन्टला मराठी कीबोर्ड लागतच नाही. कळ दाबली की जे इंग्रजी अक्षर उमटेल त्यालाच मराठी रूप मिळतं. म्हणजे बाबांचा टाइपरायटरचा हात जसाच्या तसा चालेल. ज्यांना युनिकोड हवं त्यांच्यासाठी आयबसमध्ये (लिनक्सची टायपिंगची सोय) इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आपलं गमभन हे कीबोर्डसुद्धा आहेत.

पण पुढेमागे युनिकोडमध्ये आणा. आज या शब्दसंग्रहात कोणी काही शोधू शकत नाही.

कातळसडा | १६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

झालं. एसएसडी, ८ जीबी, मिंट. बटण दाबल्यापासून डेस्कटॉपपर्यंत २६ सेकंद. बाबा सवयीने उठून देवघराकडे निघाले होते, हाक मारून परत बोलावलं. वायफाय सुरुवातीला दिसेना, पण मोबाईल यूएसबीने जोडून नेट दिलं, ड्रायव्हर मॅनेजरने स्वतःच सापडवलं, पुन्हा सुरू केल्यावर आलं. जुनी डिस्क कापडात गुंडाळून, वर तारीख लिहून माळ्यावर.

फॉन्ट टाकला, २११ फाईली लिब्रेऑफिसमध्ये उघडतायत. पण नवीनच भानगड आहे. बाबा टाइप करायला बसले की प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोडतं. 'क' दाबला की अर्धा 'क्' येतो, 'म'चा 'म्'. बाकी ओळ बरोबर. बाबा म्हणतात मशीन तोतरं झालंय.

पेंग्विनपंथी | १६ नोव्हेंबर, रात्री ८:५२

ऑटोकरेक्ट! वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतंय. कृतिदेवमध्ये स्मॉल डी म्हणजे 'क' आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा 'क'. टूल्समध्ये ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, तिथली पहिल्या अक्षराची खूण काढा. दोन कॅपिटलवाली आणि अवतरणचिन्हांचीही काढा, नाहीतर उद्या तिसरंच काही उगवेल.

कातळसडा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

सुटलं! बाबांनी पहिला परिच्छेद 'ठ'चा टाइप केला, वहीतून.

युनिकोडचं मनावर घेतलंय. नेटवरचं एक परिवर्तक वापरून बघितलं, तर 'गणित'चं 'गिणत' झालं आणि 'गर्दी'चं 'गदीर्'.

पेचकस | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

माझं काम पेच काढण्यापर्यंत, हे पेंग्विनपंथींचं खातं. फक्त त्या बॅटरीचं: घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या, तोवर घराबाहेर, पत्र्याच्या डब्यात, उन्हापासून दूर.

पेंग्विनपंथी | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१०

हे होणारच. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला दिसते त्या क्रमाने, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर. परिवर्तकाने नुसती अक्षरं बदलली आणि क्रम तसाच ठेवला की वेलांटी मागच्या अक्षराच्या गळ्यात पडते, म्हणून 'गिणत'. रफाराचं उलट: जुन्यात तो सगळ्यात शेवटी, युनिकोडमध्ये 'र्' आधी. ती दोन उडी मारायला शिकवणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागेल. मी लिहितो, पण प्रत्येक फाईल बाबांनी एकदा डोळ्याखालून घालायला हवी. बोलीतले शब्द आहेत, शब्दकोश लावून चुका पकडता येणार नाहीत. चाचणीसाठी दोन-तीन फाईली पाठवा, अवघडातल्या अवघड.

कातळसडा | १८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

दोन पाठवल्यात. बाबांनीच निवडल्या. एक 'र'ची, रफारांसाठी. दुसरी 'त'ची, तीत तिरफळापासून सुरुवात आहे आणि वेलांट्या खच्चून भरल्यात. तपासायला ते तयार आहेत, पण विचारतायत की चूक सापडली तर लाल शाईने कुठे लिहायची.